विहीरभर हवा, इंजिनभर चढ

सात माणसं, चौदा चाकं, ४४८ स्पोक आणि एकच रस्ता. मनाली ते लेह, आणि लेहहून आणखी वर, खार्दुंगला खिंडीपर्यंत, सायकलवर. येत्या जुलैत आम्ही सात मित्र पुण्याहून तिकडे निघतोय. गेले पाच महिने तयारी चाललीय, आणि त्या तयारीची एक वही आहे. वहीत फक्त आकडे आहेत. पण आकडे असे, की नुसते वाचतानाही दम लागावा! या, बसा आमच्याजवळ. पान पहिलं उघडूया.

आधी अंतर. रोहतांगवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने मनाली ते लेह सुमारे ४७५ किलोमीटर. लेह ते खार्दुंगला आणखी ४०. एकूण ५१५. मुंबई-पुणे दीडशे धरा. मुंबईहून सायकलवर पुण्याला या. परत मुंबईला जा. पुन्हा पुण्याला या. अजून उतरायचं नाही! सायकल वळवा आणि लोणावळा गाठा. आता झाले ५१५. एवढ्यात एकेक चाक दोन लाख पंचेचाळीस हजार वेळा फिरलेलं असेल. वाटेत तांदी नावाचं गाव लागतं. तिथल्या पेट्रोल पंपावरची पाटी प्रवाशांमध्ये प्रसिद्ध झाली: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. वर्षाच्या दर दिवसाला एक किलोमीटर!

पण अंतर हा यातला सगळ्यात सोपा आकडा. आता पान उलटा. उंची.

मनाली आहे दोन हजार मीटरवर. म्हणजे आपलं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक, १,६४६ मीटर, ते मनालीच्या बाजारपेठेपेक्षाही खाली राहतं. आपण जिथे शिखरावर पोचून घंटा वाजवतो, त्याच्याही वर आमची सुरुवात! तिथून रोहतांग ३,९७८. मग खाली उतरायचं आणि बारालाचा, ४,८९०. मग गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकीला, लाचुंगला, तंगलांगला ५,३२८, आणि लेहनंतर खार्दुंगला. खार्दुंगलाच्या फलकावर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, उपग्रहाच्या मोजणीत ते १७,५८२ भरतं. आम्ही कमी आकडा धरलाय. तोसुद्धा ५,३५९ मीटर होतो.

आता गंमत पाहा. दर खिंडीनंतर उतार आहे, म्हणजे कमावलेली उंची हातची जाते आणि पुन्हा कमवावी लागते. फक्त मोठे चढ मांडू: रोहतांगचे १,९००, बारालाचाचे १,८००, नकीलाचे ५००, लाचुंगलाचे ३५०, तंगलांगलाचे ६५०, खार्दुंगलाचे १,८५०. बेरीज सात हजार मीटरच्या वर. सात हजार! समुद्रकिनाऱ्यावरून निघून कळसूबाईच्या टोकावर चार वेळा चढून जा, तरी चारशे मीटर शिल्लक उरतील. आमच्यातल्या एकाच्या गावी शेतात विहीर आहे, पाच मीटर रुंद, अकरा मीटर खोल, जुन्या मापाने सहा पुरुष. तशा ६३६ विहिरी एकीवर एक रचा आणि तळातून वर या. तो आमचा चढ.

हा चढ पायाला कसा लागेल? त्यासाठी रेल्वेकडे जाऊ. कर्जत ते लोणावळा, बोरघाट. गाडी सुमारे साडेपाचशे मीटर चढते, आणि तेवढ्यासाठी मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. तिथला चढ एकास सदतीस: सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. लेह ते खार्दुंगला? एकास साडेएकवीस! जिथे रेल्वेला मागून धक्का लागतो, त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट तिखट चढ, सलग चाळीस किलोमीटर, आणि मागे बँकर नाही. सात हजार मीटर म्हणजे असे तेरा बोरघाट.

म्हणून आमचा रविवार सिंहगडाचा. डोणजेपासून गडावर नऊ किलोमीटर, चढ सुमारे सहाशे मीटर. हिशेब केला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो: एकास पंधरा! आपला घरचा सिंहगड खार्दुंगलापेक्षा तिखट निघाला! तिकडचा चढ आमच्या पायांना ओळखीचा आहे, फक्त लांबी चौपट. मग आम्ही ठरवलं, चोवीस रविवार, दर रविवारी दोनदा गड. अठ्ठेचाळीस चढ, २८,८०० मीटर. एव्हरेस्टची उंची तीन वेळा, वर आणखी दोन हजार! मोहिमेत जेवढं चढायचं, त्याच्या चौपट आम्ही पुण्यातच चढलेलो असू.

पण एक गोष्ट सिंहगडावर मिळत नाही. ती आहे विरळ हवा. आता खरं पान उघडतंय.

सायकलचे दिवस बारा. रोज प्रत्यक्ष पायडल मारायचे तास पाच. म्हणजे साठ तास, दोन लाख सोळा हजार सेकंद. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. चढावर सायकल हाणणारा सहज साठ. म्हणजे सेकंदाला एक लिटर! साठ तासांत दोन लाख सोळा हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर आठवा, रांगेत एकवीस उभे करा, सगळे हवेने भरा. आणि ती मघाची विहीर? पाच मीटर रुंद, अकरा मीटर खोल. तिच्यात किती मावतं? बरोबर दोन लाख सोळा हजार लिटर! एकेक मित्र बारा दिवसांत एक अख्खी विहीर हवा पिऊन टाकणार. सात मित्र, सात विहिरी!

आणि ती विहीर खार्दुंगलावर भरली तर? तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा. काठोकाठ भरलेल्या विहिरीत ऑक्सिजन मात्र अलिबागच्या किनाऱ्यावरच्या अर्ध्या विहिरीएवढा. म्हणूनच डॉक्टर सांगतात, तीन हजार मीटरच्या पुढे झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वर न्यायची नाही. पाचशे मीटर! लोणावळ्याला जाणारी गाडी जेवढं एका दमात चढते, त्याहूनही कमी उंचीसाठी शरीर एक रात्र मागतं.

आता पाय. सेकंदाला पायडलची एक फेरी धरली, की प्रत्येकाच्या दोन लाख सोळा हजार फेऱ्या. पाय दोन, म्हणजे चार लाख बत्तीस हजार वेळा पायडल दाबायचं. आळंदी ते पंढरपूर वारी सुमारे अडीचशे किलोमीटर. वारकऱ्याचं पाऊल सत्तर सेंटिमीटरचं धरा, साडेतीन लाख पावलं होतात. आमचे दाब त्याहून ऐंशी हजारांनी जास्त. आणि हे सगळं कुठून जाताना? त्याच तांदी गावात चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात, दोन्ही बारालाचाच्या परिसरात उगम पावणाऱ्या. संगमानंतर नाव काय? चंद्रभागा! आपल्या पंढरीतल्या भीमेचं जे नाव, तेच नाव हिमालयात. वारीची पावलं मोजता मोजता आम्ही दुसऱ्या चंद्रभागेच्या काठी पोचणार, या विचाराने अंगावर काटा येतो.

सात जणांचे दाब मिळून तीस लाख चोवीस हजार. सेकंदाला एक असे मोजायला बसा. दिवस-रात्र, न झोपता, न जेवता. पस्तीस दिवस लागतील!

जेवण म्हटलं म्हणून. रोज साडेचार हजार कॅलरी प्रत्येकी. एका भाकरीच्या अडीचशे धरा, रोज अठरा भाकरी. सात जण, बारा दिवस: १,५१२ भाकरी. अर्धा सेंटिमीटर जाडीची एकेक, चळत लावली तर साडेसात मीटर, दुमजली घराच्या गच्चीपर्यंत! पाणी रोज पाच लिटर, एकूण ४२० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठ्ठावीस हंडे.

आणि आता मला सर्वांत प्रिय असलेलं पान. रक्त.

आपल्या हाडांच्या मज्जेत तांबड्या पेशी तयार होतात. किती? सेकंदाला सुमारे वीस लाख! हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्यातही एक कोटी झाल्या असतील. दिवसाला सतरा हजार कोटींहून जास्त. एकेक पेशी मिलिमीटरच्या हजारातल्या साडेसात भागांएवढी. फक्त एका दिवसात तयार झालेल्या पेशी एका ओळीत मांडा. ओळ किती लांब? सुमारे १,३०० किलोमीटर! चारदा मुंबई-पुणे जाऊन या, तरी शंभर उरतात. आम्ही दिवसाला सायकलवर कापणार त्रेचाळीस किलोमीटर, आणि त्याच दिवसात प्रत्येकाचं शरीर आतल्या आत तेराशे किलोमीटरची नवी ओळ घालणार. बारा दिवसांत पंधरा हजारांवर! आणि उंचीवर हवा विरळ झाली, की मूत्रपिंडं मज्जेला निरोप धाडतात: आणखी पाठवा. हा कारखाना तिथे आणखी जोरात चालतो.

मग या सगळ्यातून काम किती होतं? माणूस, सायकल, सामान मिळून शंभर किलो धरा. सात जणांचे सातशे. सातशे किलो, सात हजार मीटर वर. हे काम एका ठिकाणी गोळा केलं तर? लांब पल्ल्याच्या गाड्यांना लागणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन, वजन १२३ टन. ते अख्खं इंजिन उचलून तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर ठेवण्याएवढं! सात मित्रांनी! पायांनी!

हे पान लिहून झालं तेव्हा गडावर कुणीच बोलेना. ताकाचे पेले हातात तसेच राहिले. मग आमच्यातला बँकेत काम करणारा म्हणाला, “अरे, भागाकार करू की.” इंजिनाला त्या तीस लाख दाबांनी भागलं. उत्तर आलं, आणि आम्ही ओरडलोच. एका दाबाच्या वाट्याला येतं पावणेदोन किलो ज्वारीची पिशवी जमिनीवरून उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवण्याएवढं काम. बस्स! आमच्या आया हे काम रोज न मोजता करत आल्या.

सेकंदाला पायडलची एक फेरी, एक लिटर हवा, वीस लाख नव्या पेशी, ओट्यावर ठेवलेल्या ज्वारीच्या दोन पिशव्या. असे दोन लाख सोळा हजार सेकंद, सात जण एकमेकांच्या मागे. त्या सेकंदांतच तेरा बोरघाट आहेत, सात विहिरी आहेत, गच्चीवरचं इंजिन आहे.

उद्या रविवार. पहाटे साडेपाचला डोणजे. वहीत पुढची ओळ आखून ठेवलीय: चढ क्रमांक ४१.