लॉजबाहेरची माणसे

फ्रीमेसन या बंधुसंघटनेचे नाव काढले की एप्रन, गुप्त खुणा आणि मुंबईच्या फोर्टातली त्यांची जुनी वास्तू आठवते; त्यांच्या संस्थांत पगारी नोकऱ्याही असतील हे मनात येत नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक लॉजचा, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेचा, ‘आल्मोनर’ असतो. आजारी सभासदाची विचारपूस करायची, दिवंगत सभासदाच्या पत्नीची अडचण समजून घ्यायची, हे त्याचे काम बिनपगारी आहे आणि तसेच असावे, कारण तो भाऊ म्हणून दारात उभा राहतो. पण त्याच बाईंना स्मृतिभ्रंश झाला, त्या अंथरुणाला खिळल्या, की रात्रीतून अनेकदा कूस बदलून द्यावी लागते, पाठीला जखम होत नाही ना हे पाहावे लागते, प्रत्येक गोळीची नोंद ठेवावी लागते. त्याला शिकलेला हात हवा आणि तो नाताळच्या रात्रीही हजर हवा. रॉयल मेसॉनिक बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन ही फ्रीमेसनांची धर्मादाय संस्था १८४२ साली निघाली. तिची वृद्धांसाठीची निवासगृहे आज परिचारिका, काळजीवाहक आणि स्वयंपाकी यांच्या जोरावर चालतात. फ्रीमेसनांच्याच चार धर्मादाय संस्था एकत्र येऊन २०१६ साली मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन झाले. तिथे मदतीचे अर्ज तपासणारे आणि हिशेब पाहणारे लागतात. लंडनच्या १९३३ सालच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये तर ग्रंथालय आणि संग्रहालयही सांभाळावे लागते.

देणगीच्या पैशातून पगार कशाला, हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण अंथरुणावरच्या माणसापर्यंत देणगी पोचते ती कुणाच्या तरी हातूनच. त्या हातांची मजुरी हा मदतीचाच भाग आहे. दुसरी शंका वशिल्याची. बंधुत्वाची शपथ घेतलेले लोक आपल्याच माणसांना चिकटवणार नाहीत का? या नोकऱ्यांसाठी मेसन असावे लागत नाही. इंग्लंडमधल्या लॉजची मध्यवर्ती संस्था असलेल्या युनायटेड ग्रँड लॉजच्या शाखांमध्ये स्त्रियांना सभासदत्व नाही, नोकरीत मात्र त्या आहेत. तरीही जागांची जाहिरात उघड व्हावी आणि निवड करणाऱ्यांनी सभासदत्वाकडे पाहू नये, एवढा आग्रह धरायलाच हवा. राहिला प्रश्न मायेचा. पगार घेणाऱ्याची माया खोटी, असे आपण आपल्या गावच्या नर्सबाईंबद्दल म्हणत नाही. मला उलटीच काळजी वाटते. ब्रिटनमध्ये काळजीवाहकाचे काम मुळातच कमी पगाराचे आहे. सेवाभावाचे नाव पुढे करून धर्मादाय संस्थेने तो पगार आणखी दाबला, तर शिकलेली माणसे निघून जातात आणि रात्रपाळीला रोज नवा, अनोळखी चेहरा पलंगाशी उभा राहतो.