नवे साहेब कसे आहेत?

हिंगोलीच्या बसस्थानकाजवळ चहाला थांबलात, तर दोन प्रश्न हमखास कानी पडतात. पाऊस कधी येणार, आणि नवे साहेब कसे आहेत? साहेब म्हणजे पोलीस अधीक्षक. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून हे साहेब गावातच बसतात. त्याआधी गाऱ्हाणे घेऊन परभणी गाठावी लागे. साहेब जवळ आले, तशी त्यांच्यावरची टीकाही जवळून होऊ लागली. अमक्याला चांगले ठाणे दिले, तमक्याला मुख्यालयात बसवले, फलाण्याच्या पाठीशी पुढारी आहे... या गप्पांत खरे किती हे ठरवणे कठीण. पण माणसे नेमक्या जागी बोट ठेवतात, एवढे मात्र खरे.

अमेरिकेतल्या बहुतेक परगण्यांत शेरीफ हा पोलीस अधिकारी लोकच मतदानाने निवडतात. नाही पटला, तर पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवतात. आपल्याकडे अधीक्षक सरकार नेमते, आणि ते बरेच आहे. खाकी गणवेशातला माणूस मते मागत फिरणे काही शोभणार नाही. मग त्याच्या निर्णयांना लगाम कोणाचा?

लगाम आहे, पण सैल आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 22 सप्टेंबर 2006 रोजी न्यायालयाने अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ द्या आणि बदल्यांसाठी मंडळे नेमा, असे राज्यांना बजावले. महाराष्ट्राने 2014 साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. शिपाई-हवालदारांना एका जागी पाच वर्षे, निरीक्षक व उपनिरीक्षकांना एका ठाण्यात दोन वर्षे, उपअधीक्षक व त्यावरच्यांनाही दोन वर्षे, असा सर्वसाधारण काळ ठरला. जिल्ह्यातल्या बदल्यांसाठी आस्थापना मंडळ आले.

आता या मंडळाची रचना पाहा. अध्यक्ष स्वतः अधीक्षक. बाकीचे त्यांच्याच हाताखालचे अधिकारी. साहेबांनी एकदा नाव काढले की समोरचा कनिष्ठ अधिकारी 'नको साहेब' म्हणेल, अशी अपेक्षा ठेवायची तरी कशी? शिवाय जनहित किंवा प्रशासकीय निकड या शब्दांखाली मुदतपूर्व बदली करता येते. कधी ती खरोखरच गरजेची असते. ठाण्यात बसून हप्ते खाणाऱ्याला दोन वर्षे सांभाळायचे कशाला? पण तेच शब्द नको असलेल्या माणसालाही लागू पडतात. 2021 साली मुंबईत तर पोलीस बदल्यांमधल्या देवघेवीच्या आरोपांनी राज्याचे राजकारणच ढवळून निघाले होते. तिथे मोठमोठी नावे होती, म्हणून गाजावाजा झाला. जिल्ह्यातल्या हवालदाराची बदली कोणाच्या लेखी?

समजा, बसमतच्या हवालदाराची डिसेंबरात गोरेगावला बदली झाली. जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरून थेट उत्तरेला. पोरगी दहावीला, म्हातारी आई दवाखान्यावर. बिऱ्हाड हलवायचे की एकट्याने जायचे? न्याय मागायचा तर प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. रजा मागणार कोणाकडे? ज्यांच्या आदेशाविरुद्ध जायचे, त्यांच्याच कचेरीत! तरीही काहीजण जातात, आणि मंडळाच्या इतिवृत्तात कारणच नोंदवलेले नाही म्हणून न्यायाधिकरणाने अशा बदल्या रद्द केल्याचे दाखले आहेत.

नुकसान एकट्या हवालदाराचे होत नाही. गावातला कोणता बांधाचा वाद दर पेरणीला पेटतो, कोणत्या घरातली सून तक्रार द्यायला येऊन दारातूनच परत गेली, हे बीट सांभाळणाऱ्या जमादाराला ठाऊक असते. यातले पुष्कळसे डायरीत नसतेच. तो गेला की नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि त्या सुनेला सारी हकिगत परक्या माणसासमोर पुन्हा सांगावी लागते. बहुधा ती सांगतच नाही.

उलट टोकाची तक्रारही खोटी म्हणता येत नाही. काहीजण वर्षानुवर्षे एकाच शाखेत ठाण मांडून असतात. बदलीचा आदेश निघतो, माणूस कागदावर दुसऱ्या ठाण्यात जातो आणि 'संलग्न' म्हणून जुन्याच खुर्चीत बसतो. अशांची यादी, संलग्नतेच्या तारखांसह, माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये.