बेस वर की ढोलकी?

सोमवारी रॅप, बुधवारी लावणी फ्युजन, शनिवारी भजन. फ्रीलान्स मिक्सिंग इंजिनिअरचा आठवडा हा असा! गाणं बदललं की कानही बदलायचा. रॅपमध्ये ८०८चा बेस बिनधास्त घुमू द्यायचा. तोच लावणीत ठेवला तर ढोलकीची धुम त्यात बुडते, आणि ढोलकी गेली की उरलं काय? म्हणून तिथे बेस कापायचा. क्लायंटचा मेसेज मात्र ठरलेला, 'अजून लाऊड कर ना!' स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या पातळीवर आणतं. दाबून लाऊड केलेलं गाणं तिथे खालीच येतं, वर दबलेलं वाटतं ते वेगळंच. सातव्या 'फायनल'नंतर पैसे विचारले, तर उत्तर येतं, 'गाणं चाललं की देतो.' त्यामुळे निम्मे पैसे आधी आणि करेक्शन्स दोनदाच, हे काम घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मित्राचं गाणं असलं तरी.