आडवी पडलेली ज्वारी

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांना वादळ, अवकाळी पाऊस आणि गारा यांनी झोडपले. सोलापूर जिल्हाही त्यातून सुटला नाही. द्राक्षांच्या कोसळलेल्या मांडवांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. परंतु मंगळवेढ्याकडील काळ्या रानात आडव्या झालेल्या ज्वारीचे पुढे काय करतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्या दिवसांत मी रोजाने अशा रानात राबलो आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडची मालदांडी ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्राची देणगी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले हे पीक जमिनीतील ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. ताट पुरुषभर उंच आणि माथ्यावर भरलेल्या कणसाचा भार! त्यामुळे ऐन काढणीच्या वेळी वारा सुटला की ते मुळासकट कलते किंवा पेरावर मोडते.

पडलेल्या रानात पहिले काम कणसे उचलण्याचे. ओल्या मातीला टेकलेले कणीस दोन-चार दिवसांत काळे पडते, दाण्याला बुरशी धरते, कधी मोडही येतात. "आधी कणीस उचल बाबा, कडबा कुठं पळून जात न्हाई," असे सोबतची एक आजी मला पहिल्याच दिवशी म्हणाली. उभे पीक उपटताना हाताला लय सापडते. येथे मात्र ताटे एकमेकांत गुंतलेली. प्रत्येक कणसासाठी वाकायचे आणि चिखलातून ते सोडवायचे. चांगली कणसे एका पाटीत, काळी दुसऱ्या पाटीत. ओल्या कणसांचा ढीग तापतो, म्हणून ती खळ्यावर पातळ पसरावी लागतात. दुपारनंतर कडब्याची पाळी. ओला कडबा गंजीत रचला तर कुजतो. तेव्हा पेंढ्या बांधून, त्यांचे शेंडे एकत्र टेकवून उभी बुचाडे करायची, म्हणजे वारा खेळतो. दिवस मावळेपर्यंत नेहमीच्या निम्मेही रान उरकत नसे.

खरा प्रश्न यापुढचा आहे. काढणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी धान्याच्या रूपाने मिळते. दाणाच काळा झाला, तर मजुराच्या वाट्यालाही काळाच दाणा येतो. श्रम दुप्पट आणि भाकरी मात्र निकृष्ट! सालगड्याची अवस्था आणखी कठीण. त्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत चालते. २०१४ साली गुढीपाडवा ३१ मार्चला होता. म्हणजे हिशेबाचा आणि नव्या उचलीचा दिवस नेमका अशा वेळी आला, की मालकाचेच हात रिकामे होते.

पिकाच्या नुकसानीचा पंचनामा सातबाऱ्यावरून होतो आणि मदत क्षेत्रावर ठरते. शेतकऱ्याला ती मिळालीच पाहिजे. त्याचेही वर्ष बुडालेले असते. परंतु ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याचा बुडालेला रोज कोणत्या रकान्यात लिहायचा? पंचनाम्यात तसा रकानाच नाही.

दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, अशी कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या कथेत कोणीही भुकेल्याला सातबारा विचारला नव्हता. पुढच्या गारपिटीनंतर पंचनाम्याच्या कागदावर मजुरांच्या बुडालेल्या दिवसांसाठी एक ओळ जरी वाढली, तरी त्या कथेचा वारसा आपण चालवला असे म्हणता येईल.