डॉक्टरांना उत्साहाचे दिवसही सांगा

आज आम्ही बोलणार आहोत बायपोलर या आजाराविषयी. यात माणसाचं मन दोन टोकांना जातं. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य. मधल्या काळात माणूस चारचौघांसारखा नीट वागतो, म्हणून घरच्यांना आजार चटकन ओळखू येत नाही.

समजा, आपल्या गटातली एरवी मोजकं बोलणारी एखादी बाई. एकाएकी तिला रात्री २-३ तासांची झोप पुरते, तरी ती थकत नाही. मध्यरात्री भांडी घासते, पहाटे पापड लाटायला बसते. तोंड थांबत नाही, विषय सारखे बदलतात. मोठा धंदा काढायचा म्हणून सोनं गहाण टाकते. अडवलं की अंगावर येते. देवाने मला खास निवडलंय, असंही कधी म्हणते. आधी तिच्या उरकाचं कौतुक होतं, मग ‘बाहेरचं लागलं’ म्हणून बाबा-भगत सुरू होतात. असं वागणं आठवडाभर किंवा जास्त, दिवसातला बहुतेक वेळ टिकलं, तर तो उन्माद असू शकतो.

काही काळाने तीच बाई अंथरुणातून उठत नाही. जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, ‘माझा सगळ्यांना भार’ असं म्हणते. २ आठवडे किंवा त्याहून जास्त असं राहिलं, तर ते नैराश्य. सकाळी चिडली आणि संध्याकाळी हसली, एवढ्यावरून मात्र कुणाला बायपोलर ठरवू नका.

खरी गोची इथेच आहे. आपण डॉक्टरकडे जातो ते बाई खचली की. उत्साहाचे दिवस कुणी सांगत नाही, कारण तेव्हा ‘बरी होती’ असंच वाटतं. डॉक्टरांना अर्धीच गोष्ट कळते आणि साध्या नैराश्याचं औषध सुरू होतं. बायपोलर असताना नुसतं तेच औषध दिलं, तर काहींना त्यातून उन्माद येऊ शकतो.

रक्त तपासून किंवा फोटो काढून हा आजार कळत नाही. थायरॉइड वगैरे दुसरं कारण नाही ना, हे पाहायला रक्त तपासतात. निदान होतं ते विचारपूस करून. म्हणून घरच्यांचं सांगणं मोलाचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तिची झोप किती तास झाली, खर्च, बोलणं, चिडचिड हे टिपून ठेवा. पहिल्यांदा असं कधी झालं, बाळंतपणानंतर झालं का, माहेरी कुणाला होतं का, दारू किंवा दुसरी औषधं चालू आहेत का, हेही सांगा.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, हा आजार असलेल्या १०० पैकी सुमारे ७० जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. आमच्या खराडीहून नगर रस्त्याने येरवडा जवळ. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘येरवड्याला पाठवा हिला’ ही पुण्याची जुनी चेष्टा. त्या चेष्टेपायी बायका तिथली पायरी चढत नाहीत. पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. लांबच्या मैत्रिणींनी जिल्हा रुग्णालयात विचारावं. टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

आजार औषधांनी काबूत राहतो. लिथियम हे त्यातलं जुनं औषध. ते घेताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. बरं वाटलं म्हणून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. बाई मरणाची भाषा बोलली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एक काम गटाने करावं. नेहमी जपून वागणारी बाई अचानक मोठं कर्ज मागू लागली, तर हप्त्याचा हिशोब करण्याआधी तिला विचारा, ‘ताई, रात्री झोप लागते का गं?’ आणि १४४१६ हा नंबर गटाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.