वकिलावांचून प्रतिपक्षास उत्तर

विषय रूक्ष आहे, पण वांटणीचा दावा ज्याच्या दारीं आला नाहीं असें घर विरळाच. सबब वाचकांनीं तो सोसून घ्यावा. आमच्या चुलतबंधूंनीं घरांत वांटा मागितला. घर वडिलांच्या स्वकष्टाचें, ही आमची कैफियत. वकिलाची फी आम्हां पेन्शनरास झेपेना. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत पक्षकारास जातीनें उभें राहतां येतें. तसे आम्ही उभे राहिलों.

लवकरच कोर्टाच्या परवानगीनें काढलेली प्रश्नावली हातीं पडली. संतापाच्या भरांत आम्हीं चार पानें लिहिलीं. त्यांत उत्तरापेक्षां बंधूंच्या स्वभावाचें वर्णनच अधिक होतें. सकाळीं तीं फाडलीं. अकराव्या आदेशान्वयें उत्तर प्रतिज्ञापत्रावर, दहा दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या मुदतींत द्यावें लागतें. गैरलागू प्रश्नास त्याच प्रतिज्ञापत्रांत हरकत घेतां येते. पत्नीच्या दागिन्यांविषयींच्या प्रश्नास आम्हीं ती घेतली. बाकीच्यांस एकेका वाक्यांत उत्तर दिलें. कागदपत्रें कबूल करण्याची नोटीस आली तर मुदत सातच दिवसांची, आणि तेथें मौन म्हणजे बहुधा कबुलीच.

खरी कसोटी पुढें होती. कोर्टाच्या हुकुमावरून आमच्या ताब्यांतील संबंधित कागदांची यादी शपथेवर द्यावयाची होती. तिचा नमुना मोठा मार्मिक आहे: जे दाखविण्यास हरकत नाहीं ते, ज्यांस हरकत आहे ते, आणि जे पूर्वीं होते पण आतां नाहींत ते. शेवटल्यांचें काय झालें हेंही लिहावें लागतें; घरपट्टीच्या जुन्या पावत्यांपुढें आम्हीं ‘वाळवीनें खाल्ल्या’ असें लिहिलें.

याद्या करतांना ट्रंकेच्या तळाशीं वडिलांची जमाखर्चाची वही निघाली. घर बांधतांना चुलत्यांनीं मुंबईहून धाडलेल्या रकमा तींत तारीखवार होत्या. मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, ही आपल्यावांचून कोणी पाहिली आहे?” कोणीं पाहिली नव्हती. हुकूम न पाळल्यास प्रतिवादीचा बचाव रद्द होऊं शकतो, हें आम्हीं त्यास समजाविलें. पण खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आमच्या मनांत कायदा नव्हता, वडिलांचें वळणदार अक्षर होतें. खोटी शपथ त्याच अक्षराविरुद्ध घ्यावी लागली असती. वही पहिल्या यादींत गेली.

बंधू तपासणीस स्वतः आले. दोन तास पानें चाळलीं, नक्कल मागितली. ती आम्हीं दिली. दावा अद्याप चालू आहे.