रेडिओ-नियंत्रित बगीतील डिफरन्शियल तेलाची निवड

रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड बगी या छोट्या शर्यतीच्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये सिलिकोन तेल भरलेले असते. मैदान, हवामान आणि चालकाची पद्धत पाहून या तेलाचा दाटपणा ठरविणे, यास डिफरन्शियल तेलाची निवड असे म्हणतात. मातीच्या मैदानावर गाडी वळणात किती सहज शिरते आणि वळणातून बाहेर पडताना किती जोर धरते, हे टायर व सस्पेन्शनइतकेच या तेलावरही अवलंबून असते. या लेखात प्रामुख्याने १:८ प्रमाणातील चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या बगीचा विचार केला आहे. या प्रकारात पुढे, मध्ये व मागे असे तीन डिफरन्शियल असतात.

तेलाचे कार्य

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचे अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असतील तर त्यांपैकी एकाला घसरावे लागेल. ही अडचण डिफरन्शियल दूर करतो. त्याच्या बंद डब्यात दोन बाजूंना दोन मोठी शंक्वाकार दंतचक्रे आणि त्यांच्या मधोमध छोटी दंतचक्रे असतात. दोन्ही चाके समान वेगाने फिरत असताना छोटी चक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत. संपूर्ण डबा एकसंध फिरतो. वेगात फरक पडताच ती फिरू लागतात.

मात्र रिकाम्या डिफरन्शियलमध्ये एक दोष आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर देतो. त्यामुळे एक चाक हवेत उचलले गेले वा सैल मातीवर आले, की ते मोकळे फिरते आणि जमिनीवरच्या चाकालाही नगण्य जोर मिळतो. डब्यात दाट तेल असेल तर छोट्या चक्रांना त्यातून वाट काढावी लागते. हा विरोध वेगवान चाकाला रोखतो व त्याचा काही जोर मंद चाकाकडे वळवितो. चाकांच्या वेगांतील फरक जितका मोठा, तितका हा विरोधही वाढतो. फरक नसेल तेव्हा तेल जवळजवळ निष्क्रिय असते.

दाटपणाचे एकक

द्रवाच्या दाटपणाला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. डिफरन्शियल तेलाची श्यानता सेंटिस्टोक या एककात दिली जाते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. त्यावरून ५,००० सेंटिस्टोकचे तेल किती दाट असेल याची कल्पना येते. शॉकॲब्सॉर्बरच्या तेलावर मात्र बहुधा 'वेट' हा अंक छापलेला असतो. त्याचा वस्तुमानाशी संबंध नाही. ही इंजिन तेलाच्या प्रतवारीतून आलेली संज्ञा आहे. निरनिराळ्या उत्पादकांच्या 'वेट'चे अंक परस्परांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही, म्हणून तुलना करताना सेंटिस्टोकचा आकडा पाहणे श्रेयस्कर.

दोन तेलांतील फरक वजाबाकीने न मोजता गुणोत्तराने मोजावा. १,००० वरून २,००० वर जाणे हा मोठा बदल आहे. १०,००० वरून ११,००० वर जाणे चालकाला क्वचितच जाणवते. मिश्रणालाही हाच नियम लागू होतो. ३,००० व ५,००० सेंटिस्टोकची तेले समभाग मिसळल्यास मिश्रण ४,००० पेक्षा किंचित पातळ, सुमारे ३,९०० सेंटिस्टोकचे होते.

तीन डिफरन्शियलांचे परिणाम

खेळाडू तिन्ही तेलांचा उल्लेख पुढचे, मधले, मागचे या क्रमाने हजारांत करतात. '७-७-३' म्हणजे ७,०००, ७,००० व ३,००० सेंटिस्टोक.

पुढचा: पातळ तेलाने गाडी थ्रॉटल सोडून वळणात शिरताना चटकन वळते. पण थ्रॉटल देताच हलके झालेले आतले चाक मोकळे फिरते आणि ओढ कमी होते. दाट तेलाने प्रवेश संथ व स्थिर होतो आणि बाहेर पडताना पुढची चाके गाडीला ओढून नेतात.

मधला: हा पुढच्या व मागच्या चाकांत शक्ती वाटतो. वेग घेताना भार मागे सरकतो व पुढची चाके हलकी होतात. तेल पातळ असल्यास शक्ती तिकडे निसटते, आणि वेगाने फिरणारे पुढचे टायर फुगलेले दिसतात. दाट तेलाने ही गळती थांबून गाडी जोरात झेपावते, मात्र तिला आवरणे कठीण होते. विद्युत मोटरचा टॉर्क तत्काळ मिळत असल्याने विद्युत बगीत येथे इंजिनाच्या बगीपेक्षा दाट तेल वापरण्याचा प्रघात आहे.

मागचा: येथे सामान्यतः सर्वांत पातळ तेल असते. पातळ तेलाने दोन्ही मागची चाके आपापल्या वेगाने फिरू शकतात व वळणात आडवी पकड टिकते. दाट तेलाने बाहेर पडताना जोर वाढतो. पण माती सैल असेल तर दोन्ही चाके एकदमच घसरतात आणि गाडीची शेपटी फिरते.

मैदान व तापमान

खडबडीत, धुळकट मैदानावर पातळ तेले गाडीला सौम्य ठेवतात. सपाट व घट्ट पकडीच्या मैदानावर दाट तेले उपयोगी पडतात.

बाटलीवरील आकडा सामान्यतः २५ अंश सेल्सिअसचा असतो. खनिज तेलाच्या तुलनेत सिलिकोन तेल उष्णतेने कमी पातळ होते. तरीही ५० अंशांना त्याची श्यानता सुमारे एक-तृतीयांशाने घटते. म्हणजे ७,००० चे तेल ४,५०० च्या आसपास येते. इंजिनाच्या १:८ बगींच्या विश्वअजिंक्यपदाची अंतिम शर्यत एक तासाची असते. अशा दीर्घ शर्यतीत सुरुवातीची गाडी व अखेरची गाडी यांच्या वागणुकीत फरक पडतो, आणि अनुभवी चालक तो आधीच गृहीत धरतात.

निवडीची पद्धत व देखभाल

उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडे हा योग्य आरंभ होय. प्रथम टायर मैदानास अनुरूप आहेत याची खात्री करावी, कारण चुकीच्या टायरची उणीव तेलाने भरून निघत नाही. त्यानंतर दोष नेमका कोठे जाणवतो ते पाहावे: वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, थ्रॉटल असताना की सोडल्यावर. मग एका वेळी एकाच डिफरन्शियलचे तेल बदलून त्याच टायरांवर पुन्हा फेऱ्या माराव्यात. दोन बदल एकदम केल्यास कोणता उपयोगी पडला हे समजत नाही.

तेल छोटी चक्रे बुडतील इतके भरावे, मात्र प्रसरणासाठी थोडी जागा सोडावी. काठोकाठ भरल्यास ते तापून सीलमधून झिरपते. दरवेळी भरलेला डबा तोलून पाहिल्यास प्रमाण सारखे राहते. वापराने तेल काळवंडते व त्याचे गुणधर्म बदलतात, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. गाडीची वागणूक अचानक बिघडल्यास नवा आकडा शोधण्यापूर्वी तेल गळले आहे का, हे तपासावे.

सर्वसाधारण गैरसमज

दाट तेल म्हणजे अधिक पकड, ही समजूत चुकीची आहे. पकड टायर व माती यांच्यात निर्माण होते. तेल केवळ उपलब्ध जोर कोणत्या चाकाकडे जाईल हे ठरविते. त्यामुळे एका मैदानावर विजयी ठरलेले आकडे दुसऱ्या मैदानावर जसेच्या तसे लागू पडत नाहीत.